नम्रतेचा डोस नेहमी खालच्यालाच का?

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता फिरायला लागतो, दरवर्षी तोच, फक्त मागचं चित्र बदलतं. डावीकडे सात मूळ पापं, उजवीकडे त्यांच्यावरचे सात सद्गुण. गर्व असेल तर नम्रता, लोभ असेल तर औदार्य, वासनेला शुद्धता, मत्सराला बंधुप्रेम, खादाडपणाला संयम, क्रोधाला सहनशीलता, आळसाला उद्योगीपणा. खाली एखादं कबुतर नाहीतर मेणबत्ती. ख्रिस्ती नसलेली मंडळीसुद्धा तो पुढे ढकलतात कारण षड्रिपूंशी बरंच जुळतं, मग 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' वगैरे. (मोह त्या सातात नाही आणि खादाडपणा नि आळस या सहात नाहीत, पण तेवढं बघतो कोण.)

आता हा तक्ता कुणी श्रद्धेने पाठवतं त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला. पण तक्ता चुकलाय, आणि तोही ख्रिस्ती परंपरेच्याच हिशोबाने चुकलाय. उजवीकडचा सद्गुण म्हणजे डावीकडच्या पापाच्या बरोब्बर उलटं टोक, असं जुने लोक मानतच नव्हते. बहुतेक सद्गुणांना दोन्ही बाजूंनी धोका असतो, जास्तीचा पण आणि कमीचा पण, हे त्यांनी सविस्तर लिहून ठेवलंय. शिकवताना आपण त्यातली एकच बाजू ठेवली, आणि गाळलेली बाजू कुणाच्या सोयीची होती हे इतिहासात बघायला गेलं तर फार शोधावं लागत नाही.

मुळात ही यादी बायबलमध्ये नाही. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात देवाला न आवडणाऱ्या सात गोष्टी आहेत पण त्या वेगळ्याच, खोटं बोलणारी जीभ, निरपराध्याचं रक्त सांडणारे हात अशा. सात पापांची यादी जिथून निघाली ती जागा म्हणजे चौथ्या शतकातलं इजिप्तचं वाळवंट. तिथे इव्हॅग्रियस नावाचा एक साधू राहायचा, ३९९ मध्ये वारला, त्याने आठ 'विचार' लिहून काढले. पापं नाही हं, विचार, म्हणजे एकट्या बसलेल्या माणसाच्या डोक्यात जे येऊन छळतं ते. त्यातला आळसाचा भाग वाचण्यासारखा आहे. भर दुपार, सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतोय, साधू खिडकीतून बाहेर बघतो, मग बाहेर येऊन जेवणाला किती वेळ आहे ते सूर्यावरून ताडतो, मग कोणी भेटायला येतंय का ते बघतो, मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट असं वाटायला लागतं. ऑफिसात दुपारी तीन वाजता फोन चाळत बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मुद्दा असा की हे सगळं स्वतःच्या आत बघून लिहिलेलं आहे. बाजूच्या झोपडीतला साधू किती खातो किंवा किती झोपतो ते मोजायला ही यादी नव्हतीच.

मग ती यादी कॅशियन नावाच्या दुसऱ्या साधूने युरोपात नेली, सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने तिची मोडतोड केली, मत्सर आत घेतला, गर्वाला सगळ्यांच्या वर राणी करून बसवलं आणि खालचे सात केले. पुढे अजून थोडी जुळवाजुळव झाली. म्हणजे ही काही दगडावर कोरलेली गोष्ट नाही, २०२३ च्या डिसेंबरपासून पोप फ्रान्सिस यांनी दुर्गुण-सद्गुणांवर जी प्रवचनमाला केली त्यात त्यांनीसुद्धा खिन्नता आणि पोकळ मोठेपणा हे जुन्या आठातले दोघे परत घेतले होतेच. पण खरा बदल मला वाटतो १२१५ मध्ये झाला. रोमला भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, करायलाच पाहिजे. आता फादरना प्रश्न विचारायला काहीतरी क्रम पाहिजे, आणि सात पापांची यादी आयती हाताशी. साधूने स्वतःला विचारायचा प्रश्न आता वरच्याने खालच्याला विचारायचा प्रश्न झाला. यात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही, कित्येकांना त्याने खरंच आधार मिळाला असेल, पण यादी हातात धरणारा माणूस बदलला की यादीचा अर्थ पण थोडा सरकतो.

क्रोधापासून सुरू करू कारण तिथे गडबड सगळ्यात जास्त झालीय.

मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. शब्बाथाचा दिवस (यहुद्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी कामाला मनाई), सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे, आणि येशू त्याला बरं करतो का यावर काही लोक टपून बसलेत म्हणजे आरोप ठेवता येईल. येशू त्यांना सरळ विचारतो, शब्बाथाच्या दिवशी चांगलं करावं की वाईट? ते गप्प बसतात. आणि मग तिथे लिहिलंय की त्याने रागाने सगळ्यांकडे बघितलं. लक्षात घ्या, कुणी त्याला शिवी दिली नव्हती, हात उगारला नव्हता, राग आला तो त्या गप्प बसण्याचा, त्यांच्या मनाच्या निबरपणाचा. तक्त्याच्या हिशोबाने त्या खोलीत 'सहनशील' कोण? तर ती गप्प बसलेली मंडळी!

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या चर्चच्या मोठ्या तत्त्वज्ञाने हे अगदी रोखठोक मांडलंय. क्रोध पाप कधी होतो हे तो सांगतो, चुकीच्या माणसावर, चुकीच्या कारणासाठी, प्रमाणाबाहेर, सूड म्हणून. पण त्याच प्रकरणात पुढे तो विचारतो की राग अजिबातच न येणं हा पण दोष आहे का, आणि उत्तर देतो की हो, जिथे बुद्धीला पटतंय की इथे राग यायला हवा तिथे तो न येणं हा दोष आहे. हा भाग धर्मशिक्षणाच्या वर्गात किती जणांना शिकवलाय? मला तरी कुणी भेटला नाही. आपल्याला शिकवतात 'राग गिळ'.

त्याऐवजी चित्रं काय पोचली तर प्रुडेंशियसची. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लॅटिन कवी, त्याने सद्गुण आणि दुर्गुणांची चक्क लढाई लिहिली. त्यात क्रोध ही एक बाई, सहनशीलता ही दुसरी बाई. क्रोध भाले फेकते, ते चिलखतावरून घसरून पडतात, तलवार हाणते तर शिरस्त्राणावर आपटून तिचे तुकडे होतात, शेवटी वैतागून ती स्वतःलाच भोसकून घेते. सहनशीलतेने बोटसुद्धा उचललेलं नाही. काव्य म्हणून भारी आहे, आणि संतापी माणूस स्वतःचंच वाटोळं करतो हे खरंही आहे. फक्त एक गोष्ट बघा, त्या सहनशीलतेच्या अंगावर चिलखत आहे. ज्यांच्या अंगावर चिलखत नाही त्यांना हेच चित्र दाखवून शांत उभं राहा म्हणायचं, हा वेगळा प्रकार झाला.

आणि तसं झालंय. १८०७ मध्ये लंडनला एक बायबल छापलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी, 'निवडक भाग' म्हणून. त्यात इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात ती गोष्ट काढून टाकली होती. दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे ख्रिस्तात एक, हे प्रेषित पौलाचं वाक्य काढलं होतं. आणि 'दासांनो, आपल्या धन्यांची आज्ञा पाळा' हे ठेवलं होतं. म्हणजे बघा, कात्री लावणाऱ्याला नीट माहीत होतं कुठलं वाक्य कुणाला परवडणारं नाही. आज्ञाधारकपणा, सहनशीलता, नम्रता हे सद्गुण खोटे नव्हते, ते फक्त एकाच बाजूला वाटले गेले.

१९६३ चं उदाहरण तर त्याहून स्पष्ट. अलाबामातलं बर्मिंगहॅम, गुड फ्रायडेच्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंगना अटक झाली. त्याच सुमाराला शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढलं, त्यात बहुतेक ख्रिस्ती बिशप आणि पाळक, एक रब्बी. भाषा अगदी सभ्य, निदर्शनं अवेळी आहेत, धीर धरा, कोर्टाच्या मार्गाने जा. ही माणसं काही कट्टर वंशद्वेष्टी नव्हती, यातल्या काहींनी आधी काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवू पाहणाऱ्यांच्या विरुद्धसुद्धा लिहिलं होतं. किंगनी तुरुंगात वर्तमानपत्राच्या समासात, मिळेल त्या कागदाच्या तुकड्यांवर उत्तर लिहायला घेतलं. त्यातलं गाजलेलं वाक्य असं की 'थांबा' या शब्दाचा अर्थ जवळजवळ नेहमीच 'कधीच नाही' असा निघालाय. किंग स्वतः बाप्टिस्ट पाळक, अहिंसेचा माणूस, मार खाऊन हात न उचलणारा. म्हणजे सहनशीलता त्यांच्याकडे नव्हती असं म्हणायची सोयच नाही! त्यांचा आक्षेप ती कोण कुणाला सांगतंय यावर होता. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याने धीर धरणं हा सद्गुण असू शकतो, ज्याचा पाय आहे किंवा जो बाजूला उभा आहे त्याने 'धीर धर' सांगणं याला सद्गुण कसं म्हणणार.

आता नम्रता. इथे आपल्याकडचंच उदाहरण आहे आणि मला ते किंगच्या पत्राइतकंच मोठं वाटतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला, तिथल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) सिस्टर लोकांच्या मठात त्या राहत होत्या. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, म्हणजे गॉडमदर. रमाबाई कोण होत्या ते आठवा, आईवडील दुष्काळात गेलेले, पायी देशभर फिरलेल्या, कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन 'सरस्वती' म्हटलेलं. ही बाई आता प्रश्न विचारायला लागली. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही, शिकवण बायबलमध्ये नेमकी कुठे आहे, अमुक श्रद्धासूत्र मी का मानायचं, माझ्या मुलीला, मनोरमेला, काय शिकवायचं हे कोण ठरवणार. चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विचार निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डिनची पत्रं वाचली की जाणवतं, प्रेम आहे, काळजी आहे, पण अपेक्षा ही की नवख्या ख्रिस्ती बाईने स्वतःच्या बुद्धीवर इतकं चालू नये, चर्च सांगतं ते नम्रपणे घ्यावं. रमाबाईंनी १८८५ मध्ये उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की मोठ्या प्रयासाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतलीय, आता पाळकांकडून आलेली प्रत्येक गोष्ट देवाची आज्ञा म्हणून घेऊन तसल्याच दुसऱ्या जोखडात ती घालायची माझी तयारी नाही.

हा गर्व का? तक्त्यात दोनच रकाने आहेत, त्यामुळे नम्र नाही म्हणजे गर्विष्ठ. पण अक्वायनसकडे इथेही तिसरी जागा आहे. माणूस स्वतःच्या ताकदीपेक्षा स्वतःला कमी समजतो, जे करण्यासारखं आहे त्यापासून मागे सरतो, याला तो दोष म्हणतो, आणि उदाहरण देतो ते येशूच्या दाखल्यातल्या, धन्याने दिलेले पैसे भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचं. तो चाकर नम्र होता असं म्हणता येईल की, ना धंदा केला ना धोका पत्करला, जेवढं दिलं तेवढं परत आणून ठेवलं. धन्याने त्याला हाकलून दिलं. रमाबाईंनी त्यांच्याकडचं पुरून ठेवलं असतं, वाँटेजमध्ये शहाण्यासारख्या मान खाली घालून राहिल्या असत्या, तर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं नसतं आणि पुढे दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन पण उभं राहिलं नसतं. आणि गंमत म्हणजे हीच बाई शेवटपर्यंत केडगावला साधेपणात राबत राहिली, म्हाताऱ्या वयात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसली. नम्रता कशाला म्हणायची ते यावरून ठरवा.

शुद्धतेच्या ओळीवर फार लिहावंसं वाटत नाही, कारण संताप येतो (यायलाच पाहिजे तिथे येतोय, अक्वायनसची परवानगी आहे). आयर्लंडमधल्या मॅग्डलेन लाँड्रीज, सिस्टर लोक चालवायचे. लग्नाआधी दिवस गेलेल्या, बलात्कार झालेल्या, नुसत्या 'वळण बिघडेल' अशी भीती असलेल्या, अनाथ अशा मुलींना तिथे ठेवायचं आणि बिनपगारी कपडे धुवायला लावायचे. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १०,००० बाया तिथे गेल्या, आणि २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली. कुठल्याही पुरुषाला शुद्धता शिकवायला अशी लाँड्री कुणी काढली नाही. तक्त्यातली ती ओळ कागदावर सगळ्यांसाठी असते, धुवायला मात्र एकटी बाई बसते.

खादाडपणाचं थोडक्यात. तक्त्यात नेहमी जाडा माणूस काढतात. जुन्या लोकांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितलेत, वेळेआधी खाणं, फार भारीतलं खाणं, जास्त खाणं, हावरटासारखं खाणं, आणि फार चोचले करून खाणं. म्हणजे अमुक कॅफेतलीच कॉफी आणि त्यावर इतकाच फेस पाहिजे म्हणणारा बारीक माणूस पण त्यात बसतो. पण चित्र कुणाचं निघतं, जाड्याचंच.

आळसाची ओळ मात्र आजकाल सगळ्यात जास्त कामाला लावतात, चर्चबाहेरसुद्धा. आठवड्याला ७० तास काम करा, ९० तास करा असं सांगणारे मोठे लोक बोलतात ते याच तक्त्याच्या भाषेत, एका बाजूला आळस, दुसऱ्या बाजूला मेहनत, संपला विषय. त्या वाळवंटातल्या साधूला जो त्रास होता तो कमी काम करण्याचा नव्हताच, ज्यासाठी इथे आलो त्याचाच वीट येणं, हा होता. तसा वीट आलेला माणूस पडून राहील किंवा उलट चोवीस तास कामात डोकं खुपसून बसेल, घरी जायला लागू नये म्हणून. अक्वायनसने तर आळसाला कामाच्या नाही, प्रेमाच्या प्रकरणात घातलंय.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. असं सगळं 'मध्यम' करून ठेवलं तर प्रत्येक जण म्हणेल माझा राग योग्यच आहे, माझा ताठा म्हणजे स्वाभिमान. खरंय, म्हणतातच. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडणारा पण स्वतःला किंगच समजत असतो. म्हणून तर जुन्यांनी अटी घातल्या, राग कशाचा, कुणावर, किती, सूडाचा का. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं पौल सांगतो, पण त्याआधी 'रागावा, पण पाप करू नका' असंही त्याच वाक्यात आहे, ते आपण सोडून देतो. शिवाय सगळ्या ओळींना तिसरा रकाना मिळतोच असं पण नाही. लोभाच्या ओळीत उधळपट्टी बसते, क्रोधाच्या ओळीत निबर गप्पपणा, गर्वाच्या ओळीत स्वतःला पुरून ठेवणं. मत्सराच्या ओळीत काय लिहिणार? दुसऱ्याचं चांगलं झालं म्हणून दुःख होणं, हे 'फार कमी' कधी होऊच शकत नाही. कारण मत्सर आणि आळस दोन्ही प्रेमाच्या विरुद्ध आहेत, आणि प्रेमाला प्रमाण नाही असं अक्वायनस पण म्हणतो. म्हणजे सात ओळी एका जातीच्या नाहीतच, दोन वेगळ्या हिशोबाच्या आहेत, आणि हे कळायला तक्ता मोडावाच लागतो.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. कन्फेशनच्या आधी वाचायला ज्या छोट्या पुस्तिका मिळतात त्यात ठरावीक प्रश्न असतात, मी रागावलो का, उलट बोललो का, वडीलधाऱ्यांचं ऐकलं नाही का. मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) सुरुवातीला आपण दर रविवारी छातीवर हात मारून म्हणतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य टाळून मी पाप केलं. टाळण्याचं पाप असं तोंडाने म्हणतोच आहोत, फक्त पुस्तिकेत त्यावर फारसा प्रश्न नसतो. तिथे दोन ओळी घाला. माझ्यासमोर कुणावर अन्याय होत होता तेव्हा मी गप्प बसलो का? माझ्या हाताखालच्याला मी 'सहन कर, नम्र राहा' असं सांगितलं का, आणि त्याने कुणाची सोय झाली? आणि या पुस्तिका फक्त शाळकरी पोरांना नका वाटू, पॅरिश कौन्सिलला (चर्चच्या कारभार समितीला) वाटा, शाळा चालवणाऱ्या सिस्टर लोकांना वाटा, नोकर ठेवणाऱ्या घरांत वाटा. पुढचा लेंट ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतो त्याच्या आत छापून होतील.